चौथं दार

तनुजा मेटकरी दोन दिवसांसाठी विट्याला आली
आणि चौकात फलक लागला:
‘भारताची कर्नधार, आमची शान.’
ण चा न झालेला,
टोपी कुठल्या तरी जुन्या मालिकेतली.
ती हसली. म्हणाली, असू दे गं सुलभे,
गल्लीनं खर्च केलाय.

कर्ण म्हणजे सुकाणू.
आठवीत पोतदार बाईंनी फळ्यावर फोड करून दाखवली होती.
आम्हाला येरळा आठवली:
वाळू, बाभळी, एक म्हैस.
नाव चालेल एवढं पाणी
या तालुक्यानं कधी बघितलंय?
तरी त्या वर्षी शाळेची कर्णधार मी होते
आणि ती अकरावी,
कारण बारावी पोरगीच मिळाली नाही.
हे मी कुणाला सांगत नाही.
विचारलं तर सांगते.

तिचे वडील कोइमतूरला गलाईवाले.
सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
जाळायचा, मुशीत घालायचा,
चिमूटभर पिवळं बाहेर काढायचं.
सुट्टीला ती तिकडं जायची, तमिळ घेऊन यायची;
आज गोलंदाजाच्या खांद्यावर हात ठेवून
तोंडावर टोपी धरून जे बोलते
त्यातलं निम्मं त्या भट्टीपाशी शिकलेलं.
वडील म्हणायचे, सोनं कुणाचंही असो,
धूर आपल्याच डोळ्यात जातो.

रात्री गच्चीवर बसलो.
खाली मागांचा खडखडाट.
तिला विश्वचषकाचं विचारायचं नाही
असं घरात ठरलं होतं. मी विचारलं.

म्हणाली, पंधराजणी नेतो, अकरा खेळतात.
यादी सकाळी भिंतीवर लागते.
मी म्हटलं, आधी मी सांगून येते.
चार दारं वाजवली.
पहिली रडली.
दुसरी ‘ठीक आहे’ म्हणाली
आणि दार लावलं, अगदी हळू.
आपटलं असतं तर बरं झालं असतं.
तिसरीला झोप लागलेली,
तिला उठवून सांगावं लागलं, दोनदा.
चौथं दार जसबीरदीदीचं.
पहिल्या दौऱ्यात माझे बूट फाटले
तेव्हा तिनं स्वतःचे दिले होते,
पुढं कापूस कोंबून.
ती उद्याच्या जर्सीला इस्त्री करत होती.
माझं तोंड उघडायच्या आत
तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

मग?

मग काय. हरलो.
सात धावांनी, तू बघितलंसच की.
तिसाव्या षटकात दीदी पाणी घेऊन आली,
म्हणाली, वारा फिरलाय, तिला त्या टोकानं दे.
मी दिलं नाही.

का?

तिनं पाण्याच्या टाकीकडं बघितलं,
जणू उत्तर तिथं ठेवून विसरली होती.
माग एकाएकी थांबले, वीज गेली,
आणि अख्ख्या विट्यात
कुत्र्यांशिवाय कुणी काही बोलेना.

सकाळी पटांगणात पोरं जमली.
रंगाचा डबा स्टंप म्हणून,
रबरी चेंडू, वाटणीवरून भांडण.
एका बाजूला एक जण कमी,
आणि मुल्लांचा अयान, पाच वर्षांचा,
स्वतःची बॅट घेऊन कडेला उभा.
तो मोजायचा नसतो, तो कच्चा लिंबू.
ताई, आमच्याकडनं खेळा! कॅप्टन तुम्ही!
नको, ती म्हणाली. याला घ्या, पुरता घ्या,
आउट झाला तर आउट द्या.
मग तुम्ही?
लिंबू मी.
पोरं एकमेकांकडं बघत राहिली.
अयाननं लगेच बॅटचं टोक जमिनीवर आपटलं.

ती लांब जाऊन उभी राहिली, पत्र्याच्या शेडपाशी,
जिथं चेंडू सहसा येत नाही.
तिसऱ्या चेंडूला मी बघितलं,
तिचा हात सवयीनं वर गेला,
मिडऑनच्या पोराला दोन पावलं आत बोलवायला.
पोरगं बघत नव्हतं.
हात तसाच थोडा वेळ हवेत,
मग तिनं तो डोक्यावरून फिरवला,
उन्हाचा अंदाज घेतल्यासारखा.